जुन्या कॅसेट संगणकावर उतरवण्यासाठी नवे साउंड कार्ड घ्यावे का?

आपल्या वडिलांनी जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या आणि नाट्यसंगीताच्या कॅसेट आपल्याला संगणकावर उतरवायच्या आहेत. डेस्कटॉप काही वर्षांपूर्वीचा आहे, आणि मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या) ऑडिओवर हे काम नीट होणार नाही, त्यासाठी १९२ किलोहर्ट्झचे वेगळे साउंड कार्ड लागेलच, असे दुकानदाराने आपल्याला सांगितले आहे. मी स्वतः घरच्या कॅसेट अशाच उतरवल्या आहेत, आणि माझे स्पष्ट मत असे की आपण आत्ता कार्ड घेऊ नये. आधी खाली दिलेली चाचणी करावी आणि तीत संगणक कमी पडला तरच खर्च करावा.

कारण कॅसेटमध्येच आहे. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या या कॅसेटची फीत अरुंद असते आणि ती सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते, त्यामुळे चांगल्या डेकवरही (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रावरही) डॉल्बी या खरखर कमी करणाऱ्या सोयीशिवाय गाणे आणि फितीची खरखर यांच्यात साधारण ५० ते ५५ डेसिबलचेच अंतर मिळते, तर सीडीच्या १६ बिटमध्ये तात्त्विकदृष्ट्या सुमारे ९६ डेसिबल मावतात. मदरबोर्डवरची ध्वनिचिप संगणकाच्या आतल्या विद्युत गोंगाटामुळे या आकड्याच्या बरीच खाली राहते हे खरे, पण ती कॅसेटच्या वर असली की आपले काम भागते. वारंवारतेचेही तसेच आहे. साध्या डेकवर १२ ते १५ किलोहर्ट्झच्या पुढे फारसे काही उरत नाही आणि ४४.१ किलोहर्ट्झचे नमुनाकरण (म्हणजे आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद) २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडते, म्हणून १९२ किलोहर्ट्झवर उतरवलेल्या फाइलमध्ये गायकाचा आवाज अधिक येत नाही, फक्त फाइल मोठी होते.

दुकानदाराचा सल्ला एका काळी योग्य होता. एसी'९७ या जुन्या पद्धतीच्या अनेक ध्वनिचिप सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झवर चालवत आणि सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज त्यासाठी बदलून घेत, तोही फारसा काळजीपूर्वक नव्हे. इंटेलने २००४ साली एचडी ऑडिओ हे मानक आणल्यानंतर ही अडचण हळूहळू मागे पडली.

आता चाचणी. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून आरसीए ते साडेतीन मिलिमीटर केबल (एका टोकाला डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन पिना, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी एक पिन) संगणकाच्या मागच्या निळ्या लाइन-इन जॅकमध्ये जोडावी. कॅबिनेटच्या पुढचा जॅक वापरू नये, कारण तिथपर्यंतची तार आतल्या गोंगाटातून जाते, आणि गुलाबी जॅक तर माइकसाठी असतो. मग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादे गाणे लावून त्याचा सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास (शून्य म्हणजे कमाल मर्यादा) येईल अशी पातळी ठरवावी आणि त्यानंतर ती बदलू नये. प्रथम डेक चालू ठेवून, पण कॅसेट न फिरवता, अर्धा मिनिट रेकॉर्ड करावे. नंतर दोन गाण्यांमधल्या रिकाम्या जागेची खरखर रेकॉर्ड करावी आणि ऑडॅसिटीतल्या आरएमएस (आवाजाची सरासरी पातळी) मोजण्याच्या सोयीने दोन्ही तुकडे मोजावेत. खरखर पहिल्या तुकड्यापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त भरली, तर संगणकाचा गोंगाट एकूण खरखरीत अर्ध्या डेसिबलचीही भर घालत नाही, आणि कितीही महाग कार्ड घेतले तरी हे रेकॉर्डिंग ऐकण्याजोगे सुधारणार नाही. या चाचणीत विंडोजमधली ‘एन्हान्समेंट’ (आवाजात आपोआप बदल करणारी सोय) बंद असावी, तसेच विंडोज आणि ऑडॅसिटी या दोन्हींत नमुनाकरणाचा दर एकच असावा, नाहीतर मधेच विनाकारण रूपांतर होत राहते. २४ बिट उपलब्ध असेल तर तेच निवडावे. त्यामुळे पातळी थोडी खाली ठेवूनही निश्चिंत राहता येते.

पहिल्या तुकड्यात ५० हर्ट्झची घरघर ऐकू आली, तर तो दोष कार्डाचा समजू नये. डेक आणि संगणक वेगवेगळ्या सॉकेटवर असले की अर्थिंगमधून असे बऱ्याचदा होते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहावे.

कार्डाचे वाचलेले पैसे डेकवर खर्च करावेत असे मी आग्रहाने सांगेन, कारण कॅसेटचा आवाज प्रत्यक्षात तिथेच बिघडतो. फितीवरचा आवाज वाचणारे हेड आणि फीत ओढणारा रबरी पिंच रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावेत (रबराला ते फार लागू देऊ नये), सैल पडलेला बेल्ट बदलून घ्यावा, आणि हेडचा तिरपेपणा, म्हणजे अझिमथ, जाणकार मेकॅनिककडून जुळवून घ्यावा. तो जरासा चुकला तरी तानपुऱ्याची जवारी आणि तबल्याच्या चाटीची धार बोथट होते, आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने ती पुरती परत आणता येत नाही. डॉल्बीचे बटण मूळ रेकॉर्डिंग डॉल्बीत असेल तरच दाबावे. तासाभराची कॅसेट सीडीच्या दर्जाने सुमारे ६३५ एमबी होते, ती फ्लॅकमध्ये (दर्जा न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) साठवावी; एमपी३ प्रती त्यातून हव्या तेव्हा काढता येतात.

चाचणीत संगणक खरोखरच कमी पडला, किंवा हे काम एकच जॅक असलेल्या लॅपटॉपवर करायचे असेल, तर कॅबिनेटच्या आत बसणारे कार्ड न घेता यूएसबीने जोडायचा ऑडिओ इंटरफेस घ्यावा, म्हणजे ध्वनीचे रूपांतर संगणकाच्या गोंगाटाबाहेर होते आणि पुढे संगणक बदलला तरी तो उपयोगी पडतो. घेताना डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजूंची लाइन-इन त्यावर आहे याची खात्री करावी. दिसायला तशाच असलेल्या बऱ्याच स्वस्त यूएसबी डोंगलवर फक्त माइकचा मोनो जॅक असतो, आणि त्यातून स्टिरिओ कॅसेटच्या आवाजाच्या डाव्या-उजव्या बाजू वेगळ्या उतरत नाहीत.