‘तुम्ही आहात तरी कोण?’

‘पीपीई किट घालून बाळंतिणीला धीर द्यायचा कसा?’ २०२० च्या साथीत प्रसूतिकक्षात काम करणाऱ्या अनेकींनी मला हे विचारलं. त्यांतल्या एका अनुभवी सुईणीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते.

एका रात्रपाळीने तिची झोप उडवली होती. कळा देणारी बाई एकटी होती, नवऱ्याला आत सोडलं नव्हतं. हिने दहादा म्हटलं, “घाबरू नका, सगळं नीट होईल.” पोटावर हात ठेवताच तो झटकून बाई ओरडली, “तुम्ही आहात तरी कोण?”

“ताई, इतक्या वर्षांत असं मला कुणी बोललं नव्हतं,” सुईण मला फोनवर म्हणाली.

मी तिला ती रात्र पहिल्यापासून सांगायला लावली. आत गेले, नाडी पाहिली, बाळाचे ठोके ऐकले... “आणि नाव कधी सांगितलंत?” फोनवर बराच वेळ शांतता. नाव तिने सांगितलंच नव्हतं. एरवी ते काम तिचा चेहरा करायचा.

मास्कमागे हसू तर जातंच, शब्दही अस्पष्ट होतात. मग आपण आवाज चढवतो आणि कळा सोसणाऱ्या बाईला तो रागावल्यासारखा वाटतो. भीतीने अ‍ॅड्रेनालिन वाढलं की कळा मंदावू शकतात, म्हणून बोलणं हा उपचाराचाच भाग आहे असं मी मानते. ‘घाबरू नका’ने मात्र भीती जात नाही, फक्त ती बोलून दाखवायची सोय जाते. त्यापेक्षा ‘आत्ता कशाची भीती वाटतेय?’ असं विचारावं आणि उत्तरासाठी थांबावं.

आम्ही तिची वाक्यं फोनवरच घोकली. “मी अमुक, सकाळपर्यंत तुमच्याजवळ आहे.” “आता पोटावर हात ठेवू का?” हे हात लावण्याआधी. कळ ऐन भरात असताना प्रश्न नाही, फार तर “श्वास सोडा, मी इथेच आहे.” बाहेर जाताना “वीस मिनिटांत येते”, आणि उशीर होणार असेल तर तसा निरोप. किटवर स्वतःचा हसरा फोटो लावायचं तिलाच सुचलं.

सोबतीचा प्रश्न तिच्या हातात नव्हता. साथीतही, बाईला संसर्ग असला तरी, तिच्या पसंतीची व्यक्ती जवळ असू द्यावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका. ही भूमिका घेऊन ती वरिष्ठांशी बोलली. निदान व्हिडिओ कॉलची परवानगी मिळाली.

त्या रात्रीची बोच मात्र राहिली होती. घरी गेलेल्या बाळंतिणींची फोनवर विचारपूस करणं तिच्या कामातच होतं. त्या बाईला फोन लावल्यावर तिने आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग त्या रात्रीबद्दल माफी मागितली.

पलीकडून उत्तर आलं, “रात्रभर तुम्हीच होतात? मला वाटलं, दर वेळी कुणी वेगळंच येतंय.”