अर्बाना-शँपेनला पहिल्या वर्षी राहायचं कुठं? कोल्हापूरच्या राजारामपुरीतून आलेल्या प्रश्नाला उत्तर

तू विचारलंस ते थोडक्यात असं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन कॅम्पसला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला ॲडमिशन झाली, ऑगस्टमध्ये निघायचंय, आणि पोर्टलवर हॉलची, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहांची, नावं बघून डोकं गरगरतंय. कुठला हॉल भरू? सिंगल रूम मिळेल का? आणि पप्पा म्हणतात डॉर्म नकोच, चार पोरं मिळून बाहेर फ्लॅट घ्या, स्वस्तात पडेल. ते चालेल का?

पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते लगेच संपतं. नाही चालत. पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना विद्यापीठाच्या हॉलमध्ये किंवा विद्यापीठानं मान्यता दिलेल्या खासगी हॉलमध्येच राहावं लागतं. न्यूमन हॉल, हेंड्रिक हाऊस ही त्या खासगीतली नावं. ३० क्रेडिट, म्हणजे साधारण एका वर्षाचा अभ्यास, पूर्ण झाले की मग तू मोकळा, घे फ्लॅट. मास्टर्सला आलेला तुझा मावसभाऊ बाहेर राहिला हे बरोबर आहे, पण मास्टर्सवाल्यांना हा नियम लागू नाही. तेव्हा त्याचा सल्ला वाणसामान आणि सिमकार्डापुरता घे, राहण्याच्या बाबतीत नको.

आता हॉल. मी स्वतः तिथंच शिकलो आणि नंतर एका हॉलमध्ये आरए होतो, म्हणजे मजल्यावरच्या पोरांच्या हरवलेल्या चाव्या, भांडणं आणि रात्री दोनच्या तक्रारी बघणारा सीनियर विद्यार्थी. त्या कामात एक गोष्ट पक्की कळली. नवीन पोरं हॉल निवडताना इमारतीचे फोटो बघतात आणि पुढं वर्षभर कुरकुर करतात ती अंतराबद्दल. म्हणून तू आधी नकाशा उघड.

कॅम्पसच्या मधून ग्रीन स्ट्रीट पूर्व-पश्चिम जातो. त्याच्या उत्तरेला इंजिनीअरिंगचा भाग, म्हणजे बार्डीन क्वॉड (क्वॉड म्हणजे इमारतींच्या मधलं मोकळं मैदान), ग्रेंजर लायब्ररी, कॉम्प्युटर सायन्सचं सीबल सेंटर. दक्षिणेला मेन क्वॉड. राइट स्ट्रीटच्या पश्चिमेला शँपेन, पूर्वेला अर्बाना. हे चार शब्द डोक्यात बसले की हॉलची नावं आपोआप जागेवर बसतात. आयएसआर, म्हणजे इलिनॉय स्ट्रीट रेसिडेन्स हॉल, ग्रीन स्ट्रीटला लागूनच आहे. तिथून फिजिक्सचं लूमिस हाकेच्या अंतरावर आणि सीबल सेंटरही आरामात चालत जाण्यासारखं. आयकेनबेरी कॉमन्स हा नैऋत्येचा मोठा समूह. तिथं न्यूजंट, वसाजा, हॉपकिन्स, स्नायडर, स्कॉट असे बरेच हॉल एकमेकांना लागून आहेत, जिम जवळ, गजबज भरपूर. ॲलन आणि एलएआर (लिंकन अव्हेन्यू रेसिडेन्स हॉल) मेन क्वॉडच्या पूर्वेला, अर्बानाच्या बाजूला. आणि एफएआर (फ्लोरिडा अव्हेन्यूचे हॉल) आणि पीएआर (पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूचे) अगदी आग्नेयेला.

एफएआरहून सीबल सेंटरला चालत जाणं म्हणजे रंकाळ्यावरून दसरा चौकात चालत येणं. सप्टेंबरात मजा वाटते. जानेवारीत उणे पंधरा तापमान आणि समोरून मक्याच्या सपाट रानावरून येणारं वारं असताना नाकातलं पाणी गोठतं, हे मी वाढवून सांगत नाही. बस आहे, चांगली आहे, आयकार्ड दाखवलं की वेगळं तिकीट लागत नाही. एफएआर-पीएआरवाल्यांची सगळी मदार २२ नंबरच्या इलिनाय बसवर. पण सकाळी पावणेनऊला ती बस गच्च भरते आणि तू थांब्यावर उभा राहून पुढच्या बसची वाट बघतोस.

तुझ्यासाठी माझी पहिली पसंती आयएसआर. पण एक लक्षात घे, पहिल्या वर्षाचे सगळे वर्ग काही इंजिनीअरिंगच्या बाजूला नसतात. केमिस्ट्री, रायटिंगचा कोर्स, एखादा इतिहास-अर्थशास्त्राचा विषय, हे मेन क्वॉडच्या आजूबाजूला येतात. त्यामुळं आयएसआर नाही मिळालं तर ॲलन किंवा एलएआरही वाईट नाही. आयकेनबेरीतून जरा जास्त चालावं लागतं, पण मित्र लवकर होतात. एफएआर-पीएआर शेवटी ठेव, पण यादीतून काढू नको. तिथं राहून मजेत शिकलेली पोरं मी बघितलीत, आणि यादी अपुरी ठेवली की उरलेलं सिस्टीम स्वतःच्या मनानं भरते.

सगळ्यांची उडी वसाजा आणि न्यूजंटवर असते, कारण नवे आहेत. न्यूजंट २०१० चं, वसाजा २०१६ चं. वसाजा हे कार्लोस मॉन्टेझुमा यांचं मूळ नाव. एकोणिसाव्या शतकात या विद्यापीठातून पदवी घेतलेले ते मूळनिवासी डॉक्टर. टिमोथी न्यूजंट यांनी व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांसाठी हा कॅम्पस खुला करण्याचं काम उभं केलं, आणि त्यांच्या नावाच्या हॉलमध्ये त्यासाठी खास सोयी आहेत. नावं मोठी आहेत, खोल्याही छान आहेत. पण भाडं जास्त आणि मागणी भरमसाट. यादीत घाल, पण त्यावर जीव टाकू नको.

हॉल मिळतो कसा, हे तुझ्या प्रश्नात नव्हतं, पण खरा घोळ इथंच होतो. ५०,००० हून जास्त विद्यार्थी असलेल्या विद्यापीठात तुझी पसंती हा तुझा हक्क नसतो, ती नुसती विनंती असते. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत साधारण दोन तऱ्हा चालतात. एकीत तू करार कधी सही केलास त्या तारखेवर तुझा नंबर लागतो. दुसरीत ठरावीक तारखेच्या आत करार केलेल्या सगळ्यांना लॉटरीनं वेळेचा स्लॉट मिळतो आणि त्या वेळी लॉगिन करून उरलेल्यातली खोली तूच उचलायची. नियम वर्षागणिक हलतात, म्हणून सीनियरनं सांगितलेलं सोड आणि यंदाच्या पोर्टलवर काय लिहिलंय ते वाच. दोन्हीत एक गोष्ट सारखीच: उशीर करणारा शेवटी. ॲडमिशन घ्यायची हे ठरलं असेल तर करार आजच करून टाक. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद), व्हिसा, कर्ज या सगळ्याची वाट बघत बसलास तर मे उजाडेल.

आणि स्लॉट आला तर वेळ नीट बघ. उन्हाळ्यात इलिनॉय आपल्या साडेदहा तास मागं असतं. तिथले सकाळचे नऊ म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेसात. त्या वेळी लाइट गेली म्हणून थांबायचं नाही, मोबाइलचा डेटा तयार ठेव. डिपॉझिट भरायला ज्याच्या नावाचं कार्ड आहे त्यांना बँकेतून आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच सुरू करून घ्यायला सांग. शिरोलीच्या फाउंड्रीत पप्पा असताना ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि इकडं सेशन संपतं, हे तुझ्या आधी पुष्कळांचं झालंय.

करार वर्षाचा असतो, म्हणजे ऑगस्ट ते मे. मध्येच सोडला तर दंड. त्यात दोन कलमं शोधून वाच: व्हिसा नाकारला तर काय, आणि करार रद्द करायची शेवटची तारीख कोणती. काही शंका असली तर हाऊसिंग ऑफिसला मेल टाक आणि उत्तर जपून ठेव. फोनवर तिथली माणसं गोड बोलतात, पण लेखी असलेलं बरं. तू १८ चा झाला नसशील तर पालकांचीही सही लागेल. १८ चा असशील तर सगळं तुझ्याच नावावर, पप्पांनी फोन करून विचारलं तरी ते काही सांगायचे नाहीत. कायदाच तसा आहे, पप्पांना आधीच सांगून ठेव म्हणजे रागावणार नाहीत.

सिंगल रूम पहिल्या वर्षाला मिळणं अवघड, आणि मिळाली तरी मी घेऊ नको म्हणेन. डबल घे. तिघांची खोली स्वस्त पडते, पण इंजिनीअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला तिघांच्या झोपेच्या वेळा जुळत नाहीत. सिंगलमध्ये खर्च जास्त आणि थंडीत दार बंद करून बसलं की आठवडाभर कुणाशी बोलणं होत नाही. बाथरूम बहुतेक जुन्या हॉलमध्ये मजल्यावर सामायिक असतात, रोज साफ होतात. जेट स्प्रे नसतो. एक मग बॅगेत टाक, काही लाजायचं कारण नाही.

एसीचा रकाना मात्र लक्ष देऊन बघ. घरचे स्वेटर गोळा करत असतील, पण ऑगस्टच्या शेवटी तिथं दमट उकाडा असतो आणि काही जुन्या इमारतींत एसी नाही. हीटर सगळीकडं असतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

रूममेटबद्दल थोडं जास्त लिहितो. कोणी ओळखीचा असेल तर दोघांनीही एकमेकांचं नाव पोर्टलवर टाकावं लागतं, एकानं टाकून भागत नाही. नाहीतर प्रश्नावली भरून सिस्टीम जोडी लावते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लगेच पुण्या-मुंबईची पोरं आपापसांत जोड्या लावतील, तुलाही विचारतील. मी म्हणेन, नको भावा. मराठी बोलायला मराठी पोरं मजल्यावर, वर्गात, गणपतीच्या कार्यक्रमात भेटतातच. खोलीत दुसऱ्या मुलखातला पोरगा असला तर इंग्रजी आणि तिथली रीत दोन्ही लवकर येतात. आपल्या गावाला हा विषय नवा नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. त्या काळी ज्या पोराला गावात कुणी खोली देत नव्हतं त्याला शिकायला हक्काची जागा हवी होती, म्हणून समाजागणिक बोर्डिंग लागलं. तुझी गरज वेगळी आहे, तुला आपल्या माणसांच्या बाहेर पडायला जागा हवीय.

प्रश्नावली भरताना घरच्यांना शेजारी बसवू नको. ‘रात्री दहाला झोपतो, पहाटे उठतो’ असं आईसमोर लिहिशील आणि पहाटे साडेपाचला गजर लावणारा रूममेट नशिबी येईल. आरए असताना माझ्याकडं आलेली बहुतेक भांडणं जात-धर्म-देशाची नव्हती. रात्री दिवा कधी बंद करायचा, पाहुणा किती वेळ बसणार, गजर किती वेळा वाजणार, एवढ्यावरच असायची. सुरुवातीला आरए दोघांना बसवून एक कागद भरून घेतो. तो फॉर्म म्हणून भरू नको, खरं काय ते बोल. तरी नाहीच पटलं तर खोली बदलून मिळते, फक्त पहिले काही आठवडे बदल बंद असतात.

जेवणाची चिंता आईला असणार. हॉलच्या करारात मील प्लॅन सक्तीचा असतो, पण जेवण कुठल्याही डायनिंग हॉलमध्ये घेता येतं. तेव्हा मेसवरून हॉल निवडायची गरज नाही. शाकाहारी रोज काहीतरी मिळतं, ‘करी’ लिहिलेलं असेल त्याच्या नादी लागू नको. कांदा-लसूण मसाल्याची छोटी बाटली सोबत ठेव. सकाळच्या उकडलेल्या अंड्यावर आणि बटाट्यावर टाकला की दिवस बरा जातो, आणि टेबलावरचे दोन-तीन जण बाटली मागतात तेव्हा ओळखीही होतात. कुकर आणि शेगडी मात्र नेऊ नको. खोलीत उघड्या कॉइलची शेगडी, मेणबत्ती, उदबत्ती सगळं बंद. सामायिक किचन असतं तिथं फोडणी करताना मोहरी जरा जास्त तडतडली की धुराचा अलार्म वाजतो, पाचशे पोरं चपला घालून बर्फात उभी राहतात आणि अग्निशमनची गाडी येईपर्यंत सगळे तुझ्याकडंच बघत असतात. मिक्सर, पाण्यात टाकायचा हीटर इथंच ठेव, तिथली वीज १२० व्होल्टची.

सामानाचं एवढंच की गादी ट्विन एक्सएल असते, ८० इंच लांब. आपल्या सिंगल बेडची इलॅस्टिकची चादर तिला बसत नाही. पांघरायला सोलापुरी चादर ने, बाकी तिथं घे. २२ च्या आतल्या नव्या विद्यार्थ्याला मेनिंजायटिसच्या लशीचा दाखला लागतो, ती वयाची १६ वर्षं झाल्यावर घेतलेली हवी. इथं कोल्हापुरातच घेऊन टाक, स्वस्त पडते.

शेवटी तारखा. मूव्ह-इनचा, म्हणजे हॉलमध्ये राहायला जायचा, दिवस आणि वेळ ठरवून दिलेली असते. त्याआधी पोचायचं असेल, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या ओरिएंटेशनसाठी बऱ्याचदा पोचावं लागतं, तर लवकर येण्याची परवानगी वेगळी मागावी लागते. तिकीट काढायच्या आधी मागायची, नंतर नव्हे. शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून शँपेन अंदाजे सव्वादोनशे किलोमीटर, थेट बस आहे. रात्री उशिरा उतरणारं विमान घेऊ नको. आणि डिसेंबरच्या सुट्टीत तुझा हॉल उघडा राहतो का ते करार करतानाच बघ. बंद राहत असेल तर त्या आठवड्यांसाठी वेगळी नोंदणी लागते आणि तिची मुदत नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या गडबडीत निघून जाते. कोल्हापूरला यायचं ठरलं तरी परतीची तारीख हॉल उघडण्याच्या दिवसानंतरचीच काढ.

तुझी पसंतीची यादी लिहून झाली की सबमिट करायच्या आधी मला पाठव, माझ्याकडं शनिवार-रविवार सकाळी वेळ असतो, म्हणजे तुमच्याकडं संध्याकाळ.