जखमी अजगर ठेवून घेताय? आधी ताबा पावती घ्या

मोहोळकडच्या दादांनी लिहिलंय की ऊसतोड चालू असताना एका नऊ-साडेनऊ फुटी अजगराला कोयता लागला, जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि "वनखात्याचे साहेब फोनवर म्हणाले, दोन-चार दिवस तुमच्याकडंच राहू द्या." पुढं विचारलंय, खायला काय घालू?

दादा, खायला काहीच घालू नका. खरा प्रश्न वेगळाच आहे. साहेबांचं ते फोनवरचं वाक्य तुमच्याकडं लेखी आहे का? म्हणजे अजगर खात्याच्या सांगण्यावरून तुमच्या ताब्यात आहे असं सांगणारी ताबा पावती?

तुम्ही साप पकडणारे आहात, त्यामुळं कसा धरायचा, पिशवीत कसा घ्यायचा हे सांगत बसत नाही. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. सोलापुरात बरीच वर्षं हे काम करतोय, तेवढ्यावर लिहितोय.

माझ्याकडं असाच एक आला होता. कालव्याच्या कडेला नायलॉनच्या जाळ्यात अडकून मानेमागं कापलेला. वनखात्यात फोन केला तर एका ठिकाणी म्हणाले, कालव्याची ती बाजू आमच्या हद्दीत येत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, त्यांच्याच हद्दीत येते. शेवटी एका कार्यालयातून उत्तर आलं, "तुमच्याकडंच ठेवा, बघू नंतर." लेखी मागितलं तर, "अहो, आमच्यावर विश्वास नाही का?" अजगराची जखम छान भरत आली. तेवढ्यात ते साहेब बदलून गेले आणि नव्यांचा पहिलाच प्रश्न होता, कोणाच्या परवानगीनं ठेवलात? आत्ताच्या आत्ता घेऊन या. मे महिना, टळटळीत दुपार. संध्याकाळी आणतो म्हणालो, ऐकलं नाही. नेला तर सही करणारे मीटिंगला गेलेले. पेटी आवारात ठेवायला लावली. सावली सरकली तशी पेटी उन्हात आली. मी उचलायला गेलो तर म्हणे, मुद्देमालाला हात लावायचा नाही.

संध्याकाळी पेटी उघडली तेव्हा अजगर मेलेला होता. पुढं बरेच दिवस जबाब मात्र माझेच चालू होते.

कार्यालयाचं नाव घेत नाही. आता तिथं दुसरी माणसं आहेत, आणि या खात्यात रात्री-अपरात्री स्वतःच्या गाडीतून येणारे वनरक्षकही मी पाहिलेत. पण सापाला घाम येत नाही. त्याचं अंग साधारण 30 अंशांवर सुखात असतं, 40 च्या आसपास जीवावर बेततं. रानात तो बिळात किंवा पाण्यात जातो, पेटीत कुठं जाणार? आवारात बसलेल्या एकालाही हे माहीत नव्हतं आणि विचारायची गरजही कुणाला वाटली नाही. असो.

तर आजच्या आज एक पानी अर्ज लिहा. कुठं सापडला, गट नंबर, वेळ, जखम कुठं आहे, कोणत्या डॉक्टरांनी काय केलं, आणि कोणाच्या तोंडी सूचनेवरून तुमच्याकडं ठेवलाय. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर नोंदणीसह स्पीड पोस्टानं पाठवा. 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर जपून ठेवा. फोनवर बोलणं झालं की लगेच व्हॉट्सअॅपवर "आपण आत्ता सांगितल्याप्रमाणे..." असा मेसेज टाका. पंचनामा आणि ताबा पावती मागत राहा, चिवट म्हणाले तरी चालेल. भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, त्यातल्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षं शिक्षा आहे. तुमच्या मनात काय होतं ते कागदाशिवाय कोण सिद्ध करणार? (परदेशी बॉल पायथन पाळणाऱ्यांनी यात मध्ये येऊ नये. त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी 2024 च्या नियमांखाली येते, ते प्रकरणच वेगळं.)

आता अजगर. सध्या गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस, पहाटे आपल्याकडंही बोचरी थंडी असते. जखमी अजगर गार पडला तर जखम भरत नाही आणि छातीत कफ धरतो. एका टोकाला 31-32 अंश, दुसऱ्या टोकाला 26-27, असं ठेवा म्हणजे त्याला हवं तिकडं सरकता येईल. बल्ब पेटीच्या बाहेर ठेवा. आत ठेवलात तर तो बल्बला वेटोळं घालून भाजून घेईल. पोट भाजतंय हे त्याला वेळेत कळत नाही, म्हणून गरम विटा, गरम पाण्याच्या बाटल्या वगैरे प्रयोग नकोत. साधा थर्मामीटर आत अडकवा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. पेटीला बारीक जाळी असेल तर आतून पुठ्ठा लावा, नाहीतर बाहेर पडायला तोंड घासून घासून नाक सोलून घेतो.

खताच्या गोणीत ठेवला असेल तर आधी बाहेर काढा, तिला युरिया लागलेला असतो. खाली वर्तमानपत्र किंवा धुतलेली जुनी सुती चादर चालते, चादरींची तर आपल्याकडं ददात नाही. सुटे दोरे तेवढे कापून टाका. पेटी फिनाईलनं पुसू नका, सापाला ते विष आहे. जखमेवर हळदही नको. डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन पुरे. डॉक्टर गाई-म्हशींचे असतील तर नम्रपणे एवढं सुचवा की इंजेक्शन शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात द्यायचं, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडातून जायची शक्यता असते.

खाण्याचं पुन्हा सांगतो. एवढा अजगर कित्येक आठवडे उपाशी राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. गावकरी कोंबडी घेऊन येतील, व्हिडिओ काढायला. हात जोडून परत पाठवा. घाबरलेला साप खाल्लेलं ओकतो, ओकण्यात जास्त खंगतो, आणि जिवंत उंदीर आत टाकलात तर तोच सापाला चावतो. स्वच्छ पाणी मात्र जड, रुंद टोपात कायम हवं. नळाला रोज पाणी येत नाही हे मला सांगू नका, मीही सोलापुरातच राहतो. एक बादली बाजूला काढून ठेवायची.

एवढा मोठा अजगर एकट्यानं हाताळायचा नाही. दोघं हवेतच, दहा फुटांवर गेला तर तिघं. गळ्यात घालून फोटो काढणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. अजगर श्वास कोंडून मारतो असं आपण ऐकत आलो, पण त्याच्या विळख्यात रक्ताभिसरणच थांबतं आणि भक्ष्य काही क्षणांत बेशुद्ध होतं. तेव्हा "मला सवय आहे" हे कोणी सांगू नये. चावला तर हात झटकू नका, दात आतल्या बाजूला वळलेले असतात. तोंडावर पाणी ओता, सोडतो. मग जखम धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आणि कृपा करून स्टेटसला काही टाकू नका. ताबा पावती नसताना तो व्हिडिओ म्हणजे तुमच्याच विरुद्धचा पुरावा.

सोडायची वेळ आली की "लांबच्या जंगलात सोडू" असं कोणीतरी म्हणेलच. मला हे पटत नाही. अनोळखी जागी त्याला ना बीळ माहीत, ना पाणी. सापडला त्याच परिसरात, तोड झालेल्या फडापासून थोडं दूर, ओढ्याकाठी, वनविभागाच्या माणसासमोर आणि पंचनामा करून सोडा. साळिंदराची बिळं असतील तर उत्तम, अजगर ती आवडीनं वापरतात.

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला, तोंड उघडं राहायला लागलं किंवा कडेला बुडबुडे दिसले तर मात्र टाके सुकायची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर. नेताना झाकलेली पेटी, सकाळची वेळ, आणि पेटीपाशी तुमचा एक माणूस सतत. आवारात कोणी "ठेवा तिथं आणि जा" म्हणालं तरी जायचं नाही.

पोच मिळाली की इथं लिहा. नाही मिळाली तरी लिहा, अर्जाचा मसुदा मी टाकतो.