वाचकांचे प्रश्न : वर्गणी काढून यंत्रमानवाचे डोके

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच वस्तूभोवती फिरणारी निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढील अंकावर ढकलून ही तीनच येथे घेतली आहेत. पहिले पत्र मोठे असल्याने थोडे संक्षिप्त केले आहे.

प्रश्न : आम्ही सहकारनगरमधील तिघे मित्र आहोत. दोघे नोकरी करतो, तिसऱ्याचे वडील गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांची यंत्रणा बसवितात. दीड वर्ष खपून आम्ही माणसाच्या डोक्याएवढे यांत्रिक डोके तयार केले आहे. त्यात नऊ छोट्या आणि तीन मोठ्या सर्व्हो मोटरी (सांगितलेल्या कोनावर वळून थांबणाऱ्या) असून डोळे, पापण्या, भुवया, जबडा आणि मान हलते. जबड्याची रचना ‘इनमूव्ह’ या खुल्या प्रकल्पातून घेतली, बाकीचे भाग स्वतः आखले. सुट्या भागांचा खर्च एका डोक्यामागे ५,८०० रुपये येतो. त्यात ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टरही आला. (डोके कधीकधी मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्याचे कारण अजून सापडलेले नाही.) हौशी मंडळींना घरी जोडता येईल असा संच ६,९९९ रुपयांना द्यावा आणि शंभर जणांकडून आगाऊ पैसे घेऊन काम सुरू करावे, असे मनात आहे. किंमत योग्य आहे का? सिलिकोनची त्वचा पहिल्यापासून द्यावी का? आणि असे पैसे गोळा करणे कायद्यात बसते का?
— तीन वाचक, सहकारनगर

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांआधी, तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीकडे वळावे लागेल. इनमूव्ह हा फ्रेंच शिल्पकार गाएल लांजव्हँ यांनी २०१२ साली सुरू केलेला प्रकल्प असून त्याच्या फायली कोणालाही फुकट उतरवून घेऊन छापता येतात. परंतु त्यांचा परवाना अव्यावसायिक वापरापुरताच आहे. स्वतःसाठी शंभर डोकी करा, कोणी हरकत घेणार नाही. त्यातला एक जबडा जरी विक्रीच्या संचात गेला, तरी परवान्याचा भंग होतो. तेव्हा एकतर मूळ कर्त्याकडून लेखी परवानगी मिळवा किंवा जबडा नव्याने आखा. ज्यांनी पापण्यांसारखा किचकट भाग स्वतः जमविला आहे, त्यांना जबडा अवघड जाऊ नये.

आता ते मध्येच थांबणारे डोके. तुमच्या प्रकारची नऊ ग्रॅमची छोटी सर्व्हो अडकली की एकटी सुमारे ०.७ अँपिअर प्रवाह ओढते आणि मोठी सर्व्हो दोन ते अडीच अँपिअरपर्यंत जाते. बाराही मोटरी एकदम जोर लावू लागल्या, तर मागणी तेरा-चौदा अँपिअरच्या घरात पोहोचते, आणि तुमचा अ‍ॅडॉप्टर आहे तीन अँपिअरचा. अशा वेळी व्होल्टेज कोसळते, मोटरींना हुकूम देणारा छोटा संगणक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, स्वतःला पुन्हा सुरू करतो आणि मान सरळ करून डोके पहिल्यापासून कामाला लागते. प्रस्तुत लेखकाने केलेल्या पहिल्या डोक्यात तर डोळ्यांच्या मोटरी थेट आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवरच जोडलेल्या होत्या. पापण्या मिटल्या की बोर्ड बंद पडे, मग सगळे दचकून जागे होई, आणि दुपारच्या तासाला पेंगणाऱ्या विद्यार्थ्याचा तो हुबेहूब अभिनय पाहून घरातली मंडळी हसून बेजार झाली होती. उपाय साधा आहे. मोटरींसाठी निदान १० अँपिअरचा स्वतंत्र वीजपुरवठा द्या, त्याचे ग्राउंड (ऋण टोक) मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडला जोडा, मोटरींच्या पुरवठ्यावर एक मोठा कपॅसिटर लावा आणि प्रोग्रॅममध्ये सगळ्या मोटरी एकाच क्षणी न हलविता काही मिलिसेकंदांच्या अंतराने हलवा. सोळा मोटरी सांभाळणारा पीसीए९६८५ चिपचा तयार बोर्ड तापकीर गल्लीत सहज मिळतो. तो वापरला की मायक्रोकंट्रोलरच्या दोनच संदेशवाहक तारांवर काम भागते.

मानेचाही हिशेब तपासा. डोक्याचे वजन सव्वा किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य मानेच्या आसापासून ५ सेंटिमीटर पुढे असेल, तर नुसते सरळ पाहत राहण्यासाठी मोटरीवर सव्वासहा किलो-सेंटिमीटरचा भार पडतो. मोठ्या सर्व्होच्या खोक्यावर नऊ-दहा किलो-सेंटिमीटर छापलेले असले, तरी तो आकडा मोटर अडकून थांबते त्या क्षणाचा असतो. सतत पेलण्यासाठी त्याच्या एक तृतीयांशावर भिस्त ठेवावी. वडिलांना विचारा. देखाव्यातल्या राक्षसाचा हात दहा दिवस वर-खाली करताना भार मोटरीवर न टाकता स्प्रिंगवर किंवा प्रतिवजनावर टाकतात, तीच युक्ती येथे मानेमागे दोन स्प्रिंगा लावून करता येते.

किंमत मात्र योग्य नाही. सुट्या भागांचे ५,८००. मोठा वीजपुरवठा आला की त्यात भर पडेल, पण तूर्त तुमचाच आकडा धरू. वाटेत मोडलेले, छपाईत बिघडलेले आणि ग्राहकाने उलटे जोडून जाळलेले भाग बदलून देण्यासाठी ४५०, खोके आणि कुरिअर ३५०, वीज, छपाईची देखभाल आणि भाग मोजून पिशव्यांत भरण्याची मजुरी ६००. एवढ्यातच ७,२०० रुपये झाले आणि ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा तिचे साधारण दोन टक्के वेगळे कापून घेईल. जीएसटी १८ टक्के धरला, तर ६,९९९ रुपयांपैकी तुमच्या हाती ५,९३१ रुपयेच उरतात. म्हणजे प्रत्येक डोक्यामागे तुम्ही पदरचे सुमारे चौदाशे घालणार आणि जितकी लोकप्रियता जास्त, तितका खड्डा मोठा. ९,९९९ रुपयांना विकले, तर कर वजा जाता ८,४७४ आणि सगळा खर्च वजा जाता जेमतेम हजार रुपये हाती राहतात. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळून हा आकडा थोडा सुधारतो, पण त्यासाठी प्रत्येक मोटरीचे पक्के बिल हवे. कच्च्या चिठ्ठीवर आणलेल्या मालाला ती मिळत नाही. ‘स्वस्त’ हा शब्द तुमच्या पत्राच्या मूळ प्रतीत सात वेळा आला आहे. परदेशी संचांच्या तुलनेत दहा हजारांतही तो शोभतो.

वेळेचाही अंदाज घ्या. एका डोक्याचे भाग छापायला साध्या थ्रीडी प्रिंटरला चाळीस तास लागतात असे धरले, तर शंभर डोक्यांना चार हजार तास, म्हणजे एक प्रिंटर अहोरात्र साडेपाच महिने चालला पाहिजे. चार प्रिंटर घेतले, तरी एकही छपाई न बिघडता दीड महिना. म्हणून बाहेरून दिसणारे कवच तेवढे छापा आणि आतला सांगाडा, मोटरींच्या चौकटी व दांड्या अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर लेझरने कापून घ्या. जे छापायला तास लागतो ते कापायला मिनिट लागते. साच्यात ओतलेले प्लॅस्टिक सुबक दिसते खरे, परंतु भोसरीत साचा करायला गेलात, तर शंभर नगांसाठी तो खर्च कधीच भरून निघणार नाही.

सिलिकोनची त्वचा पहिल्या संचात देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्लॅटिनम प्रकारचे सिलिकोन गंधकासारख्या काही पदार्थांच्या नुसत्या स्पर्शाने सुकायचे थांबते. लॅटेक्सचे हातमोजे, शिल्पकामाची गंधकयुक्त माती, रेझिनमध्ये छापलेला साचा, यांपैकी काहीही आड आले की पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो. तुम्ही सावध राहिलात, तरी त्वचा ओढायला प्रत्येक मोटरीला जास्त जोर लागतो आणि ओठांच्या कोपऱ्याशी ती फाटू लागते. कवचावर पुढे कधी त्वचा बसविता यावी म्हणून भोके ठेवा, एवढे पुरे. चेहऱ्यावरील हावभावांची सूक्ष्म वर्गवारी पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केली. ती चाळली, तर आश्चर्य, राग, दुःख या तिन्हींत भुवयांचा वाटा केवढा असतो ते कळेल. भुवयांच्या दोन मोटरी नीट चालविल्या, तर त्वचेवाचूनही चेहरा बोलतो.

राहिला कायदा. वस्तूची आगाऊ नोंदणी घेऊन पुढे ती वस्तू देणे हा साधा विक्रीव्यवहार आहे. मंडळाच्या वर्गणीपेक्षा त्याचे नियम वेगळे असले, तरी त्यात गैर काही नाही. मात्र ‘आमच्या उद्योगात हिस्सा घ्या’ असे जाहीर आवाहन चालत नाही. समभागांसाठी असे लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या ऑनलाइन मंचांना मान्यता नाही, असा इशारा सेबीने २०१६ साली दिलेला आहे. किकस्टार्टर या परदेशी मंचावर भारतातून प्रकल्प मांडता येत नाही, त्यामुळे देशी मंच किंवा स्वतःचे संकेतस्थळ हाच मार्ग. कंपनी स्थापन केलीत, तर मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाच्या पुरवठ्याने फेडावी लागते, नाहीतर ती ठेव समजली जाते. उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तोवर राज्यातल्या राज्यात माल विकायला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण पहिला संच इंदूरला पाठवायचा झाला की ती लागतेच; शंभर ग्राहक सगळे महाराष्ट्रातलेच मिळतील असे समजू नका. आणि चौदा वर्षांखालील मुलांचे खेळणे म्हणून विकायचे असेल, तर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हा संच मोठ्यांच्या हौसेसाठी आहे, हे खोक्यावरच नव्हे, जाहिरातीच्या चित्रांतही दिसले पाहिजे.

पैसे मागण्यापूर्वी एवढे करा. दहा संच भरा आणि दहा अनोळखी माणसांना जोडायला द्या. शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. मोटरीच्या दांड्यावर प्लॅस्टिकचा हात बसविण्याआधी मोटर मधल्या स्थितीत आणायची असते, हे तुम्हाला इतके सवयीचे झाले आहे की पुस्तिकेत लिहायचे राहून जाईल. मोठ्या मोटरीच्या दांड्याला २५ दाते असतात, एक दाता चुकला की हात १४.४ अंशांनी वाकडा बसतो आणि जबडा वासलेलाच राहतो. ८ आणि १० मिलिमीटरचे स्क्रू एकाच पिशवीत टाकलेत, तर दहापैकी निम्मे लोक लांब स्क्रूने भुवईचे कवच फोडतील. जागा आणि अवजारे हवी असतील, तर पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब आहे. तेथे जाऊन पाहावे.

प्रश्न : आमच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने असेच डोके दाखवायला आणले होते. त्वचा, केस, सगळे होते. पाचवीची मुले मागे सरकली, एक तर रडली. त्याच दिवशी आणलेल्या खोकेवजा, दोन डोळ्यांच्या यंत्राशी मात्र ती तासभर खेळली. असे का?
— एक शिक्षिका, निगडी

उत्तर : जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली नेमके हेच मांडले होते : यंत्र माणसासारखे दिसू लागले की आपुलकी वाढते, परंतु ते जवळजवळ माणूस होते आणि पुरते होत नाही, तेव्हा ती एकदम दरीत कोसळते. मुले घाबरली त्यात त्यांची चूक नाही. माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी लववितो आणि तेही काही दशांश सेकंदात. पापणी मिटते झटकन, उघडते किंचित सावकाश. खाली पाहताना वरची पापणी बुबुळाबरोबर खाली येते. आणलेल्या डोक्यात बहुधा यांतले काहीच नसेल, आणि त्वचा खरी वाटत असल्यामुळे ते नसणे जास्तच डोळ्यांवर आले असेल. त्या विद्यार्थ्याला सांगा की केस काढ, रंग पांढरा किंवा निळा दे आणि आधी पापण्यांवर काम कर.

प्रश्न : परदेशी मंचावर एका बोलक्या यंत्रमानवासाठी दोन वर्षांपूर्वी पैसे भरले. अजून वस्तू नाही. दुकानदाराविरुद्ध जशी दाद मागतात तशी मागता येईल का?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : बहुतेक मंच ‘आम्ही दुकान नाही’ हे अटींमध्येच लिहून मोकळे होतात, त्यामुळे मागणी प्रकल्प मांडणाऱ्याकडेच करावी लागते, आणि तो परदेशात असेल तर दाद मिळेपर्यंत चपला झिजतात. नामांकित मंडळींच्या बाबतीतही असे घडले आहे. एमआयटीच्या सिंथिया ब्रिझील यांच्या ‘जिबो’ या घरगुती यंत्रमानवाने २०१४ साली इंडिगोगो या मंचावर तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमविली, २०१६ साली अमेरिका-कॅनडाबाहेरच्या लोकांना पैसे परत केले, ग्राहकांच्या घरी यंत्र पोहोचायला २०१७ उजाडले आणि २०१९ साली सर्व्हर बंद होणार असल्याचे त्या यंत्रानेच मालकांना सांगितले. तुम्ही आधी लेखी परतावा मागा, पैसे कार्डाने भरले असतील तर त्या व्यवहाराविरुद्ध तक्रार करण्याची मुदत उरली आहे का ते बँकेत विचारा. पुढच्या वेळी पैसे भरण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारा : इंटरनेट बंद असताना यंत्र काय काय करते, आणि मोडलेल्या भागाची छपाईची फाईल ग्राहकाला मिळते का. सहकारनगरच्या मित्रांनीही या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या जाहिरातीतच छापावीत.