कंपनीने सर्टिफाय केलेलं जुनं पिस्तूल पहिलं म्हणून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय की तुम्ही टेक्सासमध्ये आहात, रेंजवर जायची आवड लागलीय, आणि दुकानात सिग सॉअर कंपनीचं पी 226 'सर्टिफाइड प्री-ओन्ड' म्हणून नव्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिसलंय, तर घ्यावं की नको. मी पण डॅलसकडेच असतो आणि माझं पहिलं पिस्तूल असंच होतं, म्हणून लिहितोय.

माझं मत सरळ आहे. घ्या, पण नऊ एमएममधलं (म्हणजे नऊ मिलिमीटर जाडीच्या गोळीचं) घ्या, आणि डब्यावरच्या स्टिकरपेक्षा आतल्या मालाकडे बघून घ्या.

आधी हे पिस्तूल येतं कुठून ते बघा. बहुतेक वेळा एखाद्या पोलीस खात्याने नवीन पिस्तुलं घेताना जुनी बदल्यात दिलेली असतात, ती कंपनीकडे परत येतात, कंपनीचे लोक खोलून तपासतात, लागेल तो पार्ट बदलतात, गोळी झाडून बघतात आणि मग डीलरकडे पाठवतात. पोलिसाचं पिस्तूल वर्षानुवर्षं कमरेला लटकलेलं असतं पण झाडलेलं फार नसतं, वर्षातून ठरलेली क्वालिफिकेशन (नेमबाजीची परीक्षा) आणि थोडी प्रॅक्टिस, बास. त्यामुळे बाहेरून पार घासलेलं आणि आतून जवळपास नवीन असा उलटा प्रकार असतो. दिसायला खराब म्हणून लोक सोडून देतात, आपल्याला तेच हवंय.

आता तो नऊ एमएमचा मुद्दा, कारण दुकानदार तुम्हाला बहुतेक पॉइंट फॉर्टी कॅलिबरचंच, म्हणजे जाड गोळीचं, पुढे करेल. त्यामागे गोष्ट आहे. 1986 ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट गेले, आणि त्यानंतर एफबीआयला वाटलं की आपली नऊ एमएमची गोळी पुरेशी आत जात नाही. त्यांनी 10 एमएम आणलं, ते फार दणका देतं म्हणून त्यातली दारू कमी केली, आणि त्यातूनच 1990 मध्ये छोट्या केसचं (गोळीमागच्या पितळी नळीचं) .40 एस अँड डब्ल्यू, म्हणजेच हे पॉइंट फॉर्टी, आलं, मग देशभरच्या पोलीस खात्यांनी तेच उचललं. पंचवीसेक वर्षांनी नऊ एमएमच्या गोळ्याच इतक्या सुधारल्या की एफबीआय परत नऊवर आली, बाकीची खाती मागोमाग, आणि फॉर्टीची पिस्तुलं ढिगाने बाजारात आली. म्हणून ती स्वस्त. वाईट आहेत असं अजिबात नाही, पण दणका जास्त, गोळ्या महाग, आणि नवशिक्या माणसाला झटका बसायच्या आधीच डोळे मिटायची सवय लागते ती मग सुटता सुटत नाही. पिस्तुलात वाचवलेले पैसे गोळ्यांत जातात.

226 स्वतः मात्र दणकट आहे. 1984 च्या अमेरिकन लष्कराच्या चाचणीत ते आणि बेरेटा या इटालियन कंपनीचं पिस्तूल दोन्ही पास झाली होती, किमतीवर बेरेटाने बाजी मारली, आणि पुढे नेव्ही सील्सनी 226 वापरलंच. जुनी जर्मनीत एकेर्नफर्डेला बनायची, नंतर न्यू हॅम्पशायरला.

दुकानात हातात घेतल्यावर काय बघायचं. पहिलं म्हणजे मॅगझिन काढून, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे हे दुकानदाराने दाखवलं तरी परत स्वतः बोट घालून बघा, कोणालाही त्याचा राग येत नाही. मग स्लाइड उतरवून द्यायला सांगा. फ्रेम (खालचा सांगाडा) ॲल्युमिनियमची आहे, वर काळं ॲनोडायझिंग, आणि स्लाइड ज्या दोन रेल्सवर सरकते तिथे हा काळा थर हळूहळू जातो. गुळगुळीत चकचकीत पट्टा दिसला तर ठीक, तो वापर आहे. पण नखाला अडकेल अशी खाच किंवा खरवडल्यासारखं दिसलं तर ठेवून द्या, सर्टिफाइड असलं तरी. फ्रेमला कुठे बारीक तडा नाही ना ते उजेडात तिरकं धरून बघायचं. नऊ एमएमची फार जुनी असतील तर स्लाइड पत्रा वळवून केलेली असते आणि आतला ब्रीच ब्लॉक (गोळीच्या मागे टेकणारा ठोकळा) पिनवर बसवलेला असतो, ती पिन बाहेर आलेली नको. बॅरलमध्ये (नळीत) टॉर्च मारून आतले पिळाचे आटे स्पष्ट दिसले पाहिजेत. नळीच्या टोकाशी स्लाइडच्या कडा पांढऱ्या पडलेल्या असतील, ते होल्स्टरचं (कमरेच्या म्यानाचं) काम, त्याच्यावरून भाव पाडायचा एवढाच उपयोग.

रात्री चमकणारे साइट्स (नेम धरायचे ठिपके) असतील तर दुकानदार त्याचे वेगळे पैसे सांगेल. त्यात ट्रिटियम असतं, साधारण बारा वर्षांत निम्मं होतं, म्हणजे पंधरा वर्षांचं पिस्तूल असेल तर ते निम्म्याहूनही मंद झालेले असणार. हाताच्या ओंजळीत अंधार करून बघा आणि मग बोला. आणि रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) बदललीय का ते विचारा, उत्तर गोलमोल आलं तर नवीन टाकून घ्या, फार पैसे लागत नाहीत आणि तशीही ती दर पाचेक हजार गोळ्यांनी बदलायची असते.

अजून एक, याला वेगळी सेफ्टी नाही, डाव्या बाजूला डीकॉकिंग लिव्हर आहे, त्याने गोळी न सुटता घोडा खाली येतो. पहिली गोळी जड ट्रिगरने जाते आणि दुसरीपासून एकदम हलका होतो, ग्लॉकवर (ज्याचा ट्रिगर दर वेळी सारखाच असतो) शिकलेल्याची दुसरी गोळी हमखास कुठेतरी भलतीकडे. दुकानात पी 320 दाखवलं तर ते वेगळंच मॉडेल आहे, आणि ऑगस्ट 2017 च्या आधीचं असेल तर पडल्यावर गोळी सुटू शकते म्हणून कंपनीने फुकट अपग्रेड काढलं होतं, ते झालंय का हे सीरियल नंबरवरून तपासल्याशिवाय हात लावू नका.

साध्या जुन्या पिस्तुलापेक्षा स्टिकरचे जास्तीचे पैसे द्यावे का, तर दीडशे-दोनशे डॉलरचा फरक असेल तर पहिल्या पिस्तुलाला मी देईन, कारण काही बिघडलं तर परत पाठवायला पत्ता असतो. वॉरंटी नव्यासारखी असेलच असं धरून चालू नका, कार्ड वाचा. ज्याला पार्ट ओळखता येतात त्याने सर्टिफिकेटच्या नादी न लागता साधं पोलिसांचं परत आलेलं घ्यावं.

आता कागद, आणि आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. एच-1बी किंवा एच-4 वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही बंद आहे, अपवाद म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. ते ऑनलाइन मिळतं, पण संपलं की अपवादही संपला, त्यामुळे रिन्यूची तारीख व्हिसाच्या तारखेसारखी लक्षात ठेवा. मित्राला पैसे देऊन त्याच्या नावावर घ्यायचा विचार मनात आणू नका, तो थेट गुन्हा आहे आणि 2022 पासून पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हँडगन दुकानातून घ्यायला वय 21 लागतं, आणि दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून ऑनलाइन घेतलं तर ते तुमच्या इथल्या लायसन्सवाल्या डीलरकडेच येतं, तो ट्रान्सफर फी घेतो.

बंदूक घेताना डीलरकडे भरायच्या फेडरल फॉर्म 4473 वर नाव पूर्ण लिहायचं असतं, मधल्या नावासकट, आणि आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं, जे पासपोर्टवर एका स्पेलिंगचं, लायसन्सवर दुसऱ्या आणि कधी नुसतं आद्याक्षर. हे आधी जुळवून घ्या, लायसन्सवरचा पत्ताही सध्याचाच हवा. ग्रीन कार्डवाल्यांनी एलियन नंबर जवळ ठेवा. नाव सारखं असल्यामुळे बॅकग्राउंड चेक वारंवार 'डिलेड' येत असेल तर एफबीआयच्या स्वेच्छा अपील फाइलमध्ये (व्हॉलंटरी अपील फाइल) अर्ज करा, तिथून एक नंबर मिळतो तो फॉर्मवर टाकला की पुढच्या वेळी सहसा लगेच होतं. आणि हो, गांजाचा प्रश्न आहे त्यात, तुमच्या राज्यात चालत असलं तरी फेडरल फॉर्मला चालत नाही.

हे सगळं टेक्सासचं. न्यू जर्सीतल्या मंडळींनी माझ्यावर विसंबू नका, तिथे प्रत्येक हँडगनला वेगळा परमिट, आणि मॅगझिन दहा गोळ्यांचंच चालतं, नऊ एमएमच्या 226 ला सहसा पंधराचं येतं. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या यादीत मॉडेल नसेल तर डीलर विकूच शकत नाही.

घरात मुलं असतील तर तिजोरी त्याच दिवशी घ्या. टेक्सासमध्ये निष्काळजीपणाने ठेवलेलं भरलेलं पिस्तूल सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे.

पुण्याला परत जाताना सोबत नेईन असं कोणाच्या डोक्यात असेल तर तेही सांगतो, भारतात नऊ एमएम सामान्य परवान्यावर मिळतच नाही, बंदी असलेल्या बोअरमध्ये (कॅलिबरमध्ये) येतं. जायच्या आधी इथेच डीलरला विकून पावती घ्या.