मोठ्यांचा वर्ग घेऊन काय मिळतं?

प्रश्न : आमच्या वस्तीवर चर्च नाही. महिन्यातून दोनदा फादर येतात आणि समाजमंदिरात मिस्सा होते. यंदा त्यांनी मला मोठ्यांना धर्मशिक्षण द्यायला सांगितलं आहे. मी अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलांना शिकवणं जमेल. पण दिवसभर रानात खुरपून आलेल्या माणसांपुढे मी काय बोलणार? आणि खरं विचारते, यातून आपल्याला काय मिळतं?
– एक वाचक, श्रीरामपूर तालुका

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. लोक तो विचारायला लाजतात, तुम्ही विचारलात हे बरं केलंत.

आमच्या वर्गात एकदा योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय चालला होता. भर दुपारी विहिरीवर आलेली शोमरोनी बाई आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. येशू यहुदी, आणि यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाई, तेवढं पुन्यांदा वाचा." मी वाचलं. "त्यानं तिच्या हातचं पानी मागितलं?" हो, म्हटलं. आजींच्या लहानपणी गावच्या विहिरीला शिवायची सोय नव्हती. ओंजळ धरायची, वरून कुणी ओतलं तर प्यायचं. ते सगळं त्या बोलल्या. नातवंडं कडेवर घेतलेल्या सुनांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांतली एक म्हणाली, "ती घागर तिथंच ठेवून गावात गेली. म्हंजे तिला परत यायचंच होतं की."

हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आले, त्यावरची प्रवचनंही ऐकली. त्या मागितलेल्या पाण्याचं मोल मला आजींनी शिकवलं. ताई, मिळतं ते हे. मी शुभवर्तमान वाचून दाखवते आणि ही माणसं आपलं आयुष्य त्याच्या शेजारी आणून ठेवतात. मुलांच्या वर्गात हे होत नाही, त्यांना अजून जगायचं असतं.

ख्रिस्तसभेलाही हे ठाऊक आहे. प्रौढांना टप्प्याटप्प्याने दीक्षा देण्याची प्राचीन रीत १९७२ मध्ये नव्या विधिग्रंथातून परत आली. ईस्टरच्या जागरणात स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी हीच विहीर वाचतात, चौथ्याला दृष्टी मिळालेला जन्मांध माणूस, पाचव्याला मेलेल्यातून उठवलेला लाजरस.

आणि मोठ्यांनी तोंड उघडून विचारणं आपल्या भाषेत नवं नाही. गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' हे मराठीतलं ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये छापलं गेलं. त्याच्या आरंभीच गोव्याच्या साष्टीतला एक जाणता माणूस पाद्रींना विचारतो : आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला काय देणार? त्या प्रश्नाचं उत्तर हजारो ओव्यांचं झालं.

आता तुमचं काम. मार्कपासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढे जाते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यावर पुस्तक सोपवू नका. त्यांना भजन द्या, दोन वेळा ऐकून पाठ करतात. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला मात्र नक्की घ्या. रोजंदारीवर जाणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. दिवस मावळताना कामाला लागलेल्याला पूर्ण रोज का, यावर आमच्याकडे दोन तट पडले. भांडू द्या. आमच्याकडे शेवटी एकजण म्हणाली, "उशिरा काम मिळालं म्हून त्याची पोरं कमी खात्यात का?"

वेळ बायकांना विचारून ठरवा. भाकऱ्या झाल्याशिवाय कुणी येणार नाही. वस्तीवरची काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात असतील, तर वर्ग जूनमध्येच सुरू करा. उपवासकाळात ती फडावर असतील, त्यांच्या स्नानसंस्काराचं फादरांशी आत्ताच बोलून ठेवा.