हात न टेकता उठणे

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आजीच्या खुब्याचे हाड मोडल्यापासून घरात जे चालले आहे ते वाचून वाईट वाटले. पण आपले म्हातारपण असे जाऊ नये म्हणून आत्तापासून काय करावे, हे तू सव्विसाव्या वर्षीच विचारलेस याचे समाधानही वाटले, कारण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक जण साठी ओलांडलेले असत. तीस वर्षे फिजिओथेरपीचे काम केल्यावर मला सर्वांत आधी सांगावेसे वाटते ते हे, की पायांतली ताकद जप.

तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. आधी जिन्यात कठड्याला हात जातो, मग खुर्चीतून उठताना हातांचा रेटा लागतो, मग पूजेला पाट सुटून स्टूल येते. घरातली माणसे याला ‘वय झाले’ म्हणतात आणि मायेपोटी उरलेसुरले कामही हातातून काढून घेतात. ही माया फार महाग पडते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

बाहत्तर वर्षांच्या एका बाईंना शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा वॉकर धरून उभे केले, तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. बोटांची पेरे पांढरी पडेपर्यंत त्यांनी दांडा आवळला होता, आणि मोडलेला पाय राहू द्या, चांगल्या पायाची मांडीच थरथरत होती. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “आठ वर्षांत मी जमिनीवर बसलेलेच नाही.” त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडल्या हे खरे, पण त्या पडण्याची सुरुवात आठ वर्षांपूर्वी झाली होती.

यावर उपाय आहे आणि तो उशिराही लागू पडतो. 1990 साली बॉस्टनच्या एका अभ्यासात वृद्धांच्या निवासी संस्थेतल्या, नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पटींच्या जवळपास गेली. नव्वदीत हे होते, तर तुझ्या आजीने अंथरूण धरून का राहावे? तिच्या डॉक्टरांना विचारून व्यायाम सुरू करा आणि थांबवू नका.

तुझ्यापुरते सांगायचे तर, जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. आपल्याकडे चालायला लोक जातात, पण हा दुसरा भाग राहून जातो, विशेषतः बायकांचा. चालणे चांगलेच, मात्र मांडीचे स्नायू टिकवायला तेवढे पुरत नाही. अर्ध्या बैठका, जिना, भरलेली बादली किंवा डंबेल्स उचलणे, यांतले जे जमेल ते धर आणि सोपे वाटू लागले की भार थोडा वाढव. हाडांचा साठाही तिशीच्या आसपासपर्यंतच भरत जातो, पुढे तो जपायचा असतो. भार पडला की हाडेही बळकट होतात.

जेवणात कॅल्शियमसाठी दूध, तीळ आणि नाचणी असू दे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण स्नायूंना प्रथिने लागतात, आणि तिथेच आपल्या घरातल्या बायका मागे राहतात: सगळ्यांना वाढून झाल्यावर उसळीचा नुसता रस्सा उरतो आणि त्याच्याशी पोळी खाऊन त्या उठतात. तुझ्या आईच्या ताटात डाळ, उसळ, दही किंवा अंडे पुरेसे पडते का, हे तू स्वतः बघ. तंबाखू नकोच, मिश्रीसुद्धा नको. रक्तदाब चाळिशीची वाट न पाहता मोजत जा. आजीला ऐकू कमी येत असेल, तर यंत्र लावायला संकोचू देऊ नका; ऐकू येईनासे झाले की माणूस बोलणे टाळतो आणि मग घरातच एकटा पडतो.

आज रात्री जेवायला जमिनीवर बस आणि हात न टेकता उठून बघ. आईला मात्र भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसव, हात छातीशी घ्यायला सांग आणि तीस सेकंदांत ती किती वेळा पूर्ण उभी राहते ते मोज. तो आकडा मला कळव. त्यावरून तिने कुठून सुरुवात करायची ते पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
काका